मुडपलेलं शेपूट

उपासनी बाई आठवल्या की आधी वास येतो. फॉर्मॅलिनचा तिखट, डोळ्यांच्या कडा ओल्या करणारा वास आणि त्याच्या आत, ओळीत दडून बसलेल्या यमकासारखा, सोनचाफ्याचा. सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी एका काचेच्या वाटीत बाई रोज एक फूल ठेवत. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणत, "नाकासाठी. डोळ्यांना दिवसभर काम आहे, नाकाने काय पाप केलंय?"

शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. खाली मसाल्याचं दुकान, समोरच्या घरात हिंगाची फोडणी, आणि मधोमध ह्यांच्या कपाटातल्या बरण्यांतून तरंगणारे निस्तेज मासे. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कपाटाला निवृत्ती मिळालेली नव्हती. समुद्रापासून दूर, डोंगराच्या मागच्या अंगाला वसलेल्या ह्या शहरात बसून त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभ्यास केला: समुद्रातल्या ज्या थोड्या माशांत फलन मादीच्या पोटात होतं, त्यांचे शुक्राणू आणि त्यांची अंडी कशी घडलेली असतात.

मी त्यांच्याकडे गेले ती भाषेच्या निमित्ताने. ह्याच विषयावर मराठीत, सामान्य वाचकासाठी, एक पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं आणि मजकुरावरून हात फिरवायला कुणीतरी हवं होतं. मी कवितेची विद्यार्थिनी. मासे मी ताटातही फारसे पाहिलेले नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलेलं पान मला मोठ्याने वाचायला दिलं. 'शुक्राणू' ह्या शब्दापाशी माझा आवाज आपोआप खाली आला. खिडकी उघडी होती, समोरच्या गॅलरीत एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते.

"वृंदा," बाई म्हणाल्या, "हळू म्हटलंस म्हणून ते लहान होत नाहीत. आधीच डोळ्यांना दिसत नाहीत बिचारे."

मी कानापर्यंत लाल झाले. पुढे 'नर-बीज' असा एक सोवळा पर्याय मी सुचवून पाहिला. त्यांनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, माझा शब्द एका रेषेत खोडला आणि पेन्सिल पुन्हा अंबाड्यात गेली. त्या पेन्सिलीची जागा वर्षानुवर्षं तीच असावी. केसांत तिच्यापुरती एक घडी पडली होती.

शब्दांची लाज बाईंना ठाऊकच नव्हती. एकदा एका शाळेने त्यांना माशांवर बोलायला बोलावलं. व्याख्यानाआधी मुख्याध्यापिकांनी त्यांना बाजूला घेतलं. "मॅडम, मुलं-मुली एकत्र बसलीत. ते तेवढं... जरा बीज वगैरे म्हणता येईल का?"

"बीज? जरूर," बाई म्हणाल्या, आणि तासभर आंब्याच्या कोयीवर बोलल्या. मासा म्हणून एकदाही उच्चारला नाही. मुलं जांभया देत राहिली, मुख्याध्यापिकांनी भारावून आभार मानले. रिक्षात बसताना मात्र बाईंचा चेहरा पडला होता. "त्यांचा मान राखला आणि मुलांना उपाशी घरी पाठवलं. टोमणा मारणं फार सोपं जातं गं मला. नंतर त्याचं काय होतं ते बघायला मी थांबत नाही."

ते वाक्य त्या दिवशी मला केवळ थकव्याचं वाटलं.

त्यांचं शिकवणं म्हणजे बहुतांशी गप्प राहणं असे. सूक्ष्मदर्शकासमोर विद्यार्थ्याला बसवायचं आणि त्याने तोंड उघडलं की म्हणायचं, "आधी बघा, मग बोला." हे त्यांचं ब्रीद होतं. माजी विद्यार्थी भेटायला आले की जिन्यातूनच एकमेकांना तेच ऐकवत वर येत. मलाही त्यांनी त्या स्टुलावर बसवलं होतं. डावा डोळा न मिटता उजव्याने पाहायचं, हे जमायलाच मला आठवडे लागले. मग एके दुपारी धुक्यातून एक वर्तुळ वर आलं आणि त्यात एक अंडं. मधाच्या थेंबासारखं पिवळसर, जाड कवचाचं, आणि कवचावरून निघालेले रेशमी तंतू. समुद्रात आल्यावर शेवाळाला बिलगून राहण्यासाठी. कवचात एकच इवलंसं दार असतं, शुक्राणू आत शिरण्यापुरतं.

"बहुतेक मासे," बाई मागून सांगत होत्या, "अंडी आणि शुक्राणू दोन्ही पाण्यात सोडून मोकळे होतात. भेट झाली तर झाली. तसल्या शुक्राणूचं डोकं गोल, अंगकाठी आटोपशीर. थोडा वेळ धावायचं आणि संपायचं. पण ज्यांना मादीच्या पोटातून जायचंय, त्यांचं डोकं पात्यासारखं लांब. मागची मानही लांब, शक्तीचे कण ठासून भरलेली. दाट रसातून वाट काढायची असते ना."

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या काही माशांबद्दलही त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्यांच्यात शुक्राणू मादीच्या पोटातच अंड्याच्या त्या दारात शिरतो, पण मीलन होत नाही. तो तिथे थांबून राहतो. अंडं बाहेर पडून त्याला खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला, की मगच ते घडतं.

"किती सुंदर!" मी म्हणाले.

"सुंदर नंतर म्हण. आधी खारट म्हण."

बाईंचं नाव ज्या कामाने झालं तो मासा मात्र आपल्या कोकणातला होता. खाडीच्या मुखाशी, समुद्राच्या पाण्यात वावरणारा, बोटभर लांबीचा, खालचा जबडा चोचीसारखा पुढे आलेला. त्याचंही फलन मादीच्या पोटात होतं. अंडी ती नंतर समुद्रात घालते. त्याच्या अंड्याचं चित्र बाईंनी तरुणपणी काढलं होतं, आणि शुक्राणूचंही. पात्यासारखं डोकं, लांब मान आणि शेपूट मात्र मुडपून डोक्यापाशी आलेलं, झोपलेल्या मांजरासारखं. आतल्या अरुंद वाटेवरून जाण्यासाठीची ही खास ठेवण आहे, असं त्यांनी मांडलं होतं. ते चित्र पाठ्यपुस्तकांत गेलं. त्यांच्या दिवाणखान्यात ते चौकटीत लावलेलं होतं, आणि येणारा प्रत्येक जण त्यासमोर क्षणभर थांबे. रेषा खरोखर देखणी होती.

पुस्तकाचं काम रखडत, लयीत येत, एका पावसाळ्यात ह्या माशाच्या प्रकरणापाशी पोचलं. बाई खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगायच्या, मी लिहून घ्यायची. इंग्रजीत हे सारं त्यांनी कितीदा लिहिलं होतं. पण मराठीत सांगताना त्यांना प्रत्येक वाक्य नव्याने उभं करावं लागे. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "लिही. ह्या माशाचा नर समुद्रात राहतो, मादी समुद्रात राहते, पण त्यांचा शुक्राणू एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो. जन्मभर समुद्राचं पाणी त्याला लागत नाही."

मी लिहिलं. पुढचं वाक्य आलं नाही. वर पाहिलं तर बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. हात अंबाड्याकडे गेला होता आणि तिथेच राहिला होता. खालून लवंगा भाजल्याचा वास येत होता.

"परत वाच."

मी वाचलं.

"जन्मभर समुद्राचं पाणी त्याला लागत नाही," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या. "आणि मी त्याला समुद्राच्या पाण्यात घातला होता, वृंदा. बघण्यासाठी. समुद्रातला मासा म्हणून समुद्राचं पाणी. सगळेच तसं करायचे."

मला काही उमगलं नाही. त्यांनीच मग एकेक शब्द सुटा करत सांगितलं. माशाच्या अंगातला रस समुद्राइतका खारट नसतो. त्या रसातच जगायला घडलेला शुक्राणू एकदम खाऱ्या पाण्यात पडला तर आक्रसतो, मरतो, मुडपतो. त्यांनी चित्र काढलं होतं ते कदाचित त्याच्या ठेवणीचं नव्हतं. त्याच्या मरण्याचं होतं.

"हे आत्ता लक्षात आलं तुमच्या?" मी विचारलं. धीर द्यायच्या सुरात विचारलं असावं.

"नाही. मला हे सांगितलं होतं एका मुलीने. भर वर्गात." चौकटीतल्या चित्राकडे त्यांनी पाहिलं नाही. "संगीता मेश्राम. भंडाऱ्याकडची. मागच्या बाकावर बसायची, तेलाने चोपून वेणी घालायची. मी हे चित्र फळ्यावर काढत होते. तिने हात वर केला. म्हणाली, 'मॅडम, पण तो समुद्रात येतेच कुठे? त्याले समुद्राचं पाणी काऊन द्यायचं?'"

बाईंनी ते तिच्या उच्चारात म्हटलं, पण नक्कल केली नाही. जपून, काचपट्टी हातात धरावी तसं म्हटलं.

"मुलं 'काऊन'ला हसली. मला राग आला. मुलांचा नाही, तिचा. माझ्या चित्राला हात लावला ना तिने. मी अगदी गोड आवाजात विचारलं, 'आपण समुद्र पाहिला आहे का हो कधी?' ती म्हणाली, 'नाही.' मी म्हटलं, 'मग आधी बघा, मग बोला.'" त्या थांबल्या. "त्यावर वर्ग जो हसला! मी नाही हसले. मी फक्त हसण्याची सोय करून दिली."

संगीताने एम.एस्सी. पूर्ण केलं. पुढे बाईंकडेच संशोधन करण्यासाठी तिने अर्ज दिलेला होता, तो परत घेतला. कारण विचारायला बाई गेल्या नाहीत. सुटल्यासारखं वाटलं, असं त्या म्हणाल्या. हा शब्द उच्चारताना त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. समोर उभं राहून ते पाहणं मला असह्य झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण चहा टाकला.

पाऊस सरल्यावर, ह्या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून बाई कोकणात गेल्या. कोळ्यांबरोबर पहाटे खाडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एकाच माशाचे शुक्राणू त्यांनी दोन भागांत घेतले. एक भाग समुद्राच्या पाण्यात, दुसरा माशाच्या अंगरसाइतक्याच खारट द्रावणात. परत आल्या तेव्हा पदराला मासळीचा, सुकलेल्या मिठाचा वास होता. चहासुद्धा न घेता त्यांनी मला स्टुलावर बसवलं. पहिल्या काचेवर सगळी शेपटं मुडपलेली. दुसऱ्या काचेवर ती सरळ होती. लांब, बारीक, एका दमात ओढलेल्या रेषेसारखी सरळ. असं काही प्रथमच पाहिल्यावर माणूस हसतं. मी हसून वळले. बाई भिंतीवरची चौकट उतरवत होत्या. तिच्यामागे रंगाचा ताजा, गडद चौकोन राहिला. तो त्यांनी झाकला नाही. येणाऱ्याने विचारलं तर सांगत, "तिथे माझी चूक टांगलेली होती."

दुरुस्ती त्यांनी नियतकालिकाकडे धाडली. पण पुस्तकात नव्या चित्राखाली संगीताचं नाव हवं, हा त्यांचा हट्ट होता, आणि तिला विचारल्याशिवाय ते छापायचं नाही, हा त्याहून मोठा. मी म्हटलं, "नाव छापलं तर तिला आनंदच होईल."

"तिची अक्कल मी वापरली नाही. आता नाव तेवढं न विचारता वापरू?"

एका जुन्या विद्यार्थ्याकडून पत्ता लागला. संगीता हिंजवडीत एका कंपनीत होती; इतरांच्या संगणक-प्रणालींमधल्या चुका शोधण्याचं काम करत होती.  फोन करायला त्या तयार नव्हत्या. "वर्गात तोंडावर बोलले, तर माफीही समोर उभ्याने मागायला हवी." मग माझ्याकडे वळल्या. "तू कवितेतली. माफीला शब्द दे."

"क्षमस्व?"

"पत्रिकेत नाव राहिल्यावर म्हणतात."

"दिलगीर आहे?"

"गाडी उशिरा आल्यावर म्हणतात."

मी आणखी काही शब्द दिले, एकाहून एक घाटदार. प्रत्येकापाशी त्यांची मान हलायची. मी आयुष्यभर ज्या शब्दांना ऊन दाखवून, घडी घालून ठेवलं होतं, त्यांतला एकही त्या कामाचा निघाला नाही. तिथे बसल्या बसल्या मला माझ्या साऱ्या शब्दसंपत्तीची लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. झोपेत, कुणाला तसदी न देता. त्यानंतर त्यांच्याबद्दल बोलणारे सगळे त्यांच्या अभ्यासाबद्दल आणि तिरकस बोलण्याबद्दल बोलले. मला मात्र त्या दिसतात त्या हिंजवडीच्या रस्त्यावरच.

बाई जायच्या आधीच्या हिवाळ्यातली संध्याकाळ होती. कंपनीच्या फाटकाबाहेर ओळीने बस उभ्या होत्या. डिझेलचा धूर, भेळेच्या गाडीवरचा कांदा, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या माणसांची लाट. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि दोन्ही हातांनी एक पाकीट छातीशी धरलं होतं. त्यात त्या सरळ शेपटांचं छायाचित्र होतं. संगीताला मी ओळखणं शक्य नव्हतं, पण बाईंनी लांबून ओळखलं. केस आता कापलेले होते, पाठीवर सॅक होती, चाल झपाट्याची होती.

"संगीता."

ती थांबली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. "मॅडम? तुम्ही इकडे कशा?"

"तुमच्याकडेच आले." वर्गातलं ते टोमण्याचं 'आपण' बाई विसरल्या नव्हत्या, हे आताच्या साध्या 'तुमच्याकडे'वरून कळत होतं. त्यांनी पाकीट उघडून छायाचित्र पुढे केलं. "तुमचं बरोबर होतं. त्याला समुद्राचं पाणी द्यायला नको होतं. मी चुकले होते. आणि ते कळायच्या आधी, तुमच्याशी वागण्यात चुकले."

संगीताने छायाचित्र घेतलं. डोक्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत नखाने एक रेषा हलकेच ओढली. आजूबाजूने माणसं धक्के देत जात होती.

"समुद्र पाहिला मी, मॅडम," ती म्हणाली. "कंपनीची सहल गेली होती अलिबागला."

"मग बोला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"बोलायचं होतं तेव्हा बोलले होते."

तिने छायाचित्र परत दिलं. रागाने नव्हे, आपली नसलेली वस्तू परत करावी तसं. "माझी बस सुटेल," म्हणाली आणि चढली.

बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. नावाचं विचारायचं राहूनच गेलं होतं. बस सुरू झाली, पण सुटली नाही. पुढे चौकात सारं तुंबलेलं होतं. हाताच्या अंतरावर, खिडकीशी संगीता बसलेली आणि खाली बाई. दोघींपैकी कुणालाच तिथून निघता येत नव्हतं. भोवती हॉर्नचा कल्लोळ होता. संगीता समोर पाहत होती, बाई जमिनीकडे. मी त्यांच्या दंडाला धरून बाजूला नेऊ पाहिलं. त्या हलल्या नाहीत.

मग काच सरकली.

"अंड्याचं काय केलं होतं तेव्हा? त्याला कोणतं पाणी दिलेलं?"

बाईंनी झटकन वर पाहिलं. "समुद्राचं. ते समुद्रात येतं."

"म्हणजे अंड्याचं ते चित्र बरोबर आहे."

"हो. तेवढं बरोबर आहे."

बस हातभर पुढे सरकली. बाई तिच्याबरोबर सरकल्या. "संगीता, पुस्तकात ह्या चित्राखाली तुमचं नाव छापायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच."

खिडकीतून हात बाहेर आला. बाईंनी छायाचित्र त्यात दिलं. बस पुन्हा सरकली, ह्या वेळी थांबली नाही. बाई पट्टा बांधलेल्या गुडघ्याने तिच्या बाजूने चालू लागल्या, धुळीत, माणसांतून वाट काढत.

"टाकायचं तर पूर्ण टाका," वरून आवाज आला. "संगीता देवराव मेश्राम. मुक्काम खैरटोला, जिल्हा भंडारा."

"खैरटोला," बाई म्हणाल्या.

"आणि तिथे समुद्र नाही, तेही लिहा!"

बस चौकात वळली. बाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. धापा टाकत त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, आणि लिहायला जवळ काहीच नाही हे लक्षात आल्यावर ती हातात तशीच धरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, विसरू नये म्हणून मोठमोठ्याने घोकत राहिल्या, "खैरटोला, जिल्हा भंडारा. तिथे समुद्र नाही. तिथे समुद्र नाही."